गोठ्याच्या धंद्यास कायद्याचें रूप कोणतें द्यावें ?

पशुपालनाचा धंदा काढूं इच्छिणारा शेतकरी गाय घेतांना तिचे दांत पाहतो, कास पाहतो, दोन वेळां धार काढून दुधाची खात्री करून घेतो. वैरणीची बेगमी किती, दुधास दर काय पडेल, पेंड कोठें स्वस्त मिळेल, याचीही तो चौकशी करतो. परंतु ज्याच्याबरोबर धंदा करावयाचा तो भागीदार घेतांना मात्र ‘आपलाच माणूस आहे’ एवढ्या शब्दांवर त्याचें समाधान होतें. हा धंदा कायद्याच्या दृष्टीनें कोणाचा, त्याचें कर्ज कोणाच्या डोक्यावर, आणि उद्यां कोणी फुटून निघाला तर गोठ्यांतील काय कोणाचें, हे प्रश्न तंटा कोर्टांत गेल्यावर सुचतात. तेव्हां त्यांचीं उत्तरें आपण द्यावयाचीं राहत नाहींत. तीं कायद्यानें आधींच देऊन ठेवलेलीं असतात, आणि तीं आपणांस रुचतीलच असा नेम नाहीं.

सामाईक व्यवहाराची रीत आपल्याकडे नवी नाहीं. ज्यांच्यापाशीं एकेकच बैल असे असे दोन शेतकरी सावड करून नांगर धरीत. शेळी अर्धलीनें पाळावयास देऊन तिचीं करडें निमेनिम वांटून घेत. इर्जिकीला सारी आळी एकाच्या शेतांत उतरे. हे व्यवहार तोंडच्या शब्दावर चालत आणि बहुधा सुखानें चालत; कारण त्यांत बुडण्यासारखें फार नसे. आज वीस संकरित गाईंचा गोठा म्हटला म्हणजे बँकेचें कर्ज, विम्याचे कागद, मजुरांचे पगार, वैरणीची उधारी आणि डेअरीशीं करार हीं सर्व ओघानेंच आलीं. त्यांतच रोगाची सांथ आली म्हणजे एका महिन्यांत सगळा हिशेब उलटतो. २०२२ सालीं महाराष्ट्रांत लम्पी त्वचारोगानें गोठ्यांची जी हानि झाली ती वाचकांच्या स्मरणांत असेलच.

म्हणून या लेखांत आम्ही एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवूं इच्छितों. धंद्याचें कायदेशीर रूप नफ्याच्या दिवसाकडे पाहून निवडूं नये. नफा होत असतां कोणतेंही रूप चालतें. तें तीन दिवसांकडे पाहून निवडावें : ज्या दिवशीं कर्ज फिटत नाहीं तो दिवस, ज्या दिवशीं एक जण फुटून निघतो तो दिवस, आणि ज्या दिवशीं एक जण मरण पावतो तो दिवस. या तिन्ही दिवशीं आपली जमीन आपल्या नांवावर सुरक्षित राहते कीं नाहीं, ही खरी कसोटी होय.

विवेचन सोपें व्हावें म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊं. एका गांवीं दोन सख्खे भाऊ व त्यांचा एक शेजारी अशा तिघांनीं मिळून वीस गाईंचा गोठा काढला. एकूण भांडवल ३० लाख रुपये. पैकीं प्रत्येकीं ४ लाख प्रमाणें १२ लाख रुपये घरचे, व १८ लाख बँकेचें कर्ज. थोरला भाऊ पहांटे चार वाजतां उठून गोठा पाहतो. धाकटा पुण्यास नोकरीवर आहे. शेजारी हिशेब व विक्री सांभाळतो. थोरल्याच्या नांवावर बारा एकर जमीन आहे, धाकट्याच्या नांवावर तितकीच, आणि शेजाऱ्यापाशीं दोन एकर जिरायत. हे तिघे पुढें वेळोवेळीं आपल्या उपयोगीं पडतील.

जमीन निराळी, धंदा निराळा

पहिला नियम असा कीं, शेतजमीन धंद्यांत घालूं नये. धंदा जमिनीवर उभा असला तरी कागदोपत्रीं दोन्हीं निराळीं ठेवावींत. याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण कूळकायद्याचें. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यान्वयें, ज्यास आज महाराष्ट्राचें नांव जोडलेलें आहे, शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून शेतजमीन विकतां, दान देतां किंवा पट्ट्यानें देतां येत नाहीं. मराठवाडा व विदर्भ यांस निराळे कायदे आहेत, तरी रोख हाच. कंपनी ही कायद्यानें एक स्वतंत्र व्यक्ति असते. तिचे सर्व भागधारक शेतकरी असले तरी तेवढ्यानें ती स्वतः शेतकरी ठरत नाहीं. तेव्हां ‘जमीन कंपनीच्या नांवावर करून टाकूं’ हा विचार पहिल्याच पायरीवर अडतो. शिवाय १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याची मर्यादा, म्हणजे बारमाही पाण्याची १८ एकर व कोरडवाहू ५४ एकर, जमिनी एकत्र करण्यापूर्वीं पाहिलीच पाहिजे.

दुसरें कारण भागीदारीच्या कायद्याचें. भागीदारानें जी मिळकत भांडवल म्हणून फर्मेंत घातली ती, निराळा करार नसल्यास, फर्मेची होते. १९६६ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे कीं, अशी मिळकत घालणाऱ्यास पुढें ‘माझी तीच जमीन मला द्या’ असें म्हणतां येत नाहीं. फर्म मोडल्यावर सर्व देणीं भागवून उरलेल्यांत पैशाच्या रूपानें जो हिस्सा निघेल तोच त्याचा. वाडवडिलांची जमीन अशा रीतीनें आंकड्यांत विरघळून जावी, हें कोणा शेतकऱ्यास मान्य होईल ?

तिसरें कारण प्राप्तीकराचें. शेतीचें उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून दुधाचेंही असावें, अशी समजूत फार पसरली आहे; ती चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं असें ठरविलें कीं, जमिनीवर नांगरट, पेरणी यांसारखें मूळ काम झाल्यावांचून उत्पन्न शेतीचें ठरत नाहीं. केवळ जमिनीशीं संबंध आहे म्हणून दुग्धव्यवसाय, कोंबड्या वा पशुपैदास यांस शेती म्हणतां येणार नाहीं. कूळकायदाही दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन व पशुपैदास यांस शेती न म्हणतां शेतीचे जोडधंदे म्हणतो. यास्तव शेताची वही निराळी व गोठ्याची वही निराळी ठेवावी. शेतांतील वैरण गोठ्यास दिली तर ती बाजारभावानें शेताच्या वहींत जमा व गोठ्याच्या वहींत खर्चीं टाकावी. असें केल्यानें वैरणीचें उत्पन्न शेतीचें राहतें आणि गोठ्याचा खरा नफा किती हें दिसतें. मात्र शेतीचें उत्पन्न करमुक्त असलें तरी, दुसरें करपात्र उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीच्या कराचा दर ठरवितांना तें जमेस धरलें जातें, हें विसरूं नये.

गोठ्याखालची जागा धंद्यास वापरूं द्यावयाची तर कोणत्या गटांतील किती जागा, किती वर्षें व कोणत्या अटीवर, याचा लेखी करार जाणत्या वकिलाकडून करून घ्यावा. तोंडी पट्ट्यानें जमीन दिल्यास कूळहक्काचा वाद उभा राहण्याची भीति असते.

एकट्याचा धंदा

सर्वांत सोपें रूप म्हणजे एकट्याच्या मालकीचें. यास फर्मेची नोंदणी नको, करारपत्र नको. निर्णय एका डोक्याचा. पांच-सात गाई किंवा पन्नास शेळ्या पाळणाऱ्यास दुसऱ्या कोणत्याही रूपाची गरज नाहीं.

परंतु येथें धंदा व धनी यांत कायदा भेद करीत नाहीं. गोठ्याचें कर्ज हें धन्याचें कर्ज. तें गोठा विकून न फिटल्यास त्याच्या इतर मिळकतीवर येतें. म्हणून एकट्यानें धंदा करणाऱ्याचा बचाव दोनच गोष्टींत आहे : जनावरांचा विमा वेळेवर उतरविणें, आणि कर्ज झेपेल इतकेंच काढणें. धनी मरण पावल्यास धंदा वारसांकडे जातो. पण बँकेचें खातें, डेअरीचें खातें व विम्याचे कागद यांवर वारसदाराचें नांव नोंदलेलें नसल्यास दुधाचे पैसे कित्येक महिने अडकून पडतात, आणि गाईंना तर रोज पेंड लागते. हें नांव नोंदण्यास एक दुपार पुरते.

येथें आणखी एक सूचना करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. पुष्कळ घरीं धार काढणें, शेण काढणें, वांसरें सांभाळणें हें सारें घरची बाई करते आणि खातें पुरुषाच्या नांवावर असतें. जिच्या हातून धंदा चालतो तिचें नांव मालकींत किंवा भागीदारींत घालणें हें न्यायाचें आहेच. शिवाय धनी गेल्यावर धंदा न अडण्याचाही तो सोपा उपाय आहे.

एकत्र कुटुंब

दोन भाऊ एका चुलीवर जेवतात, म्हणून त्यांचा गोठा आपोआप एकत्र कुटुंबाचा होतो असें नाहीं. वडिलार्जित मिळकतींतून काढलेला धंदा एकत्र कुटुंबाचा ठरूं शकतो. अशा धंद्याचा कारभार कर्ता पाहतो. कर्त्याची जबाबदारी अमर्याद असते; इतर सहदायादांची एकत्र मिळकतींतील त्यांच्या हिश्श्यापुरती.

या रूपांत दोन गोष्टी आज विशेष ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. एक, मुलींचा हक्क. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सबंध देशानें २००५ सालीं कायदा दुरुस्त करून मुलीस जन्मतः सहदायाद केलें, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, २००५ सालीं वडील हयात होते कीं नव्हते यावर हा हक्क अवलंबून नाहीं. म्हणून ‘आम्ही दोघे भाऊ’ असें म्हणून एकत्र मिळकतीवर धंदा उभारणाऱ्यांनीं आपल्या बहिणींचा हिस्सा त्यांत आहे हें विसरूं नये. त्यांची संमति आधींच लेखी घ्यावी. दुसरी, अज्ञानांचें रक्षण. कर्त्यानें स्वतः नव्यानें काढलेल्या धंद्याचा धोका कुटुंबांतील अज्ञान मुलावर लादतां येत नाहीं, असा प्रिव्ही कौन्सिलचा १९३२ सालचा निर्णय आहे. हें बँकांसही ठाऊक असतें. म्हणून कर्ज देतांना त्या घरांतील सज्ञान माणसांच्या सह्या मागतात.

आमच्या मतें वडिलांपासून चालत आलेल्या लहान गोठ्यास हें रूप ठीक. नव्यानें मोठें कर्ज काढून करावयाच्या धंद्यास नव्हे. आणि आपल्या उदाहरणांतील शेजारी तर एकत्र कुटुंबांत येऊंच शकत नाहीं.

भागीदारी

दोघां-तिघांच्या धंद्यास सर्वांत अधिक वापरलें जाणारें रूप हेंच. यास १९३२ चा भागीदारी कायदा लागू आहे. करार तोंडीही होऊं शकतो, आणि येथेंच घात होतो. कारण जेथें करार बोलत नाहीं तेथें कायदा बोलतो. कायदा काय बोलतो तें पाहा. नफा-तोटा सर्वांचा समान. काम करणाऱ्यास पगार नाहीं. भांडवलापलीकडे कोणी जास्त रक्कम घातली तर तीवर शेकडा ६ व्याज. मुदत ठरलेली नसल्यास कोणत्याही भागीदारानें लेखी नोटीस द्यावी आणि फर्म मोडावी. आणि करारांत उलट लिहिलें नसल्यास एकाच्या मृत्यूनें फर्म संपली.

आतां आपले तिघे घ्या. त्यांनीं कांहींच लिहून ठेवलें नाहीं. थोरला वर्षभर पहांटे चारला उठला. वर्षअखेर ६ लाख नफा झाला. धाकट्यानें पुण्याहून येऊन २ लाख मागितले. कायद्यानें तो बरोबर आहे. थोरला रागावला, पण पगाराचें कलम नसल्यामुळें त्याच्या श्रमाचे दाम मागण्यास त्यास जागा नाहीं. भाऊ वाईट नाहींत. कागद नाहीं, म्हणून तंटा आहे.

पुढचा दिवस याहून कठीण. समजा, सांथीनें गाई गेल्या. उरलेल्या गाई व गोठ्याचें सामान विकून ७ लाख आले; कर्ज १५ लाख शिल्लक होतें; तूट ८ लाख. भागीदारींत प्रत्येक जण सर्व कर्जास सर्वांसह व एकटाही जबाबदार असतो. बँक तिघांमागें सारखी हिंडत नाहीं. ज्याची जमीन हाताशीं आहे त्यास ती गांठते. थोरल्याकडून सगळे ८ लाख वसूल झाल्यास तें कायदेशीरच आहे. शेजाऱ्याच्या वांट्याचे पैसे त्यानें शेजाऱ्याकडून मागावेत. मात्र दोन एकर जिरायतींतून ते केव्हां निघतील हा प्रश्न त्याचा. म्हणून भागीदार निवडतांना स्वभावाइतकीच त्याची ऐपत पाहावी, हा व्यवहाराचा धडा होय.

भागीदारी करावयाची तर करारपत्र योग्य मुद्रांकावर लिहून फर्मेची नोंदणी करावी. नोंदणी सक्तीची नाहीं, परंतु नोंदणी नसलेल्या फर्मेस कराराचे पैसे वसूल करण्यासाठीं बाहेरच्या माणसावर दावा लावतां येत नाहीं. म्हणजे दूध नेणाऱ्या व्यापाऱ्यानें दोन लाख बुडविले तर हात चोळीत बसावें लागेल. महाराष्ट्रानें १९८४ सालीं याहून पुढें जाऊन अशा फर्मेच्या भागीदारांस आपसांतील हिशेबाचा किंवा फर्म मोडण्याचा दावाही बंद केला होता. तें कलम सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं रद्द केलें. तथापि बाहेरच्यांविरुद्धची अडचण कायमच आहे.

करारपत्रांत निदान पुढील गोष्टी असाव्यात :

(१) कोणी किती पैसे घातले, व नफा-तोट्याचें प्रमाण काय.

(२) प्रत्यक्ष राबणाऱ्यास महिना किती पगार. उचल किती व केव्हां.

(३) जमीन ज्याची त्याचीच असून ती फर्मेची मिळकत नाहीं, असें स्पष्ट वाक्य.

(४) किती रकमेवरील कर्ज वा खरेदी सर्वांच्या सहीवांचून करूं नये.

(५) सोडून जाणाऱ्यानें किती महिन्यांची नोटीस द्यावी; त्याच्या हिश्श्याची किंमत कोणी व कशी ठरवावी; ती किती हप्त्यांत द्यावी. जनावरांच्या किंमतीस गाभण, दुभती व भाकड असा भेद लिहावा.

(६) एकाच्या मृत्यूनंतर उरलेल्यांनीं फर्म चालू ठेवावी, व मृताच्या वारसांस हिस्सा कसा द्यावा. भागीदार दोनच असतील तर एकाच्या मृत्यूनंतर फर्म उरतच नाहीं. तेव्हां तिसरा भागीदार, मग तो घरचाच कां असेना, आधींच घेणें शहाणपणाचें.

(७) तंटा झाल्यास पंच कोण.

अज्ञान मुलास भागीदार करतां येत नाहीं. सर्वांच्या संमतीनें नफ्याचा लाभ मात्र देतां येतो.

मर्यादित जबाबदारीचीं रूपें

अमर्याद जबाबदारीच्या या भयावर उपाय म्हणून दोन रूपें आहेत : २००८ च्या कायद्यानें आलेली मर्यादित दायित्व भागीदारी, आणि खासगी कंपनी. पहिलीस निदान दोन भागीदार लागतात. दुसरीस निदान दोन भागधारक, व कमाल २००. दोन्ही रूपें कायद्यानें स्वतंत्र व्यक्ति आहेत. एक जण मेला किंवा निघून गेला तरी धंदा चालूच राहतो, आणि सामान्यतः प्रत्येकाचें नुकसान त्यानें घातलेल्या किंवा घालण्याचें कबूल केलेल्या रकमेपुरतें राहतें.

हें वाचून कोणासही मोह पडेल. म्हणून दुसरी बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. कर्ज देतांना बँक भागीदारांची व संचालकांची वैयक्तिक जामीनकी मागते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, निराळें ठरलें नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोइतकीच असते. त्या एका सहीनें, त्या कर्जापुरती, मर्यादित जबाबदारी अमर्याद होते. आपल्या थोरल्या भावानें कंपनी काढली आणि जामीनकीवर सही केली, तर ८ लाखांची तूट पुन्हां त्याच्याच दारीं येईल. मर्यादेचा खरा उपयोग वैरणवाला, औषधवाला, अशा इतर देणेदारांपुरता उरतो. तेव्हां सही करण्यापूर्वीं जामीनकी ठराविक रकमेपुरती करतां येईल काय, आणि ती तिघांनीं घ्यावी कीं एकानेंच, हें बोलून घ्यावें.

खर्चही पाहावा. खासगी कंपनीचे हिशेब उलाढाल कितीही असो दरसाल तपासून घ्यावे लागतात. मर्यादित दायित्व भागीदारीस उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेल्यास तपासणी सक्तीची होते. दोहोंस दरवर्षीं विवरणपत्रें भरावीं लागतात, आणि उशीर झाल्यास जादा शुल्क चढत जातें. मग त्या वर्षीं गोठ्यानें एक रुपयाही मिळविला नसला तरी चालत नाहीं. आणि मर्यादित दायित्व भागीदारींतही लेखी करार नसल्यास नफा समान व पगार नाहीं हाच नियम आहे. रूप बदललें म्हणून करारपत्राची गरज टळत नाहीं.

दहा घरांचा धंदा

आतांपर्यंत आम्ही दोघां-तिघांचा विचार केला. गांवांतील दहा-वीस घरें एकत्र येणार असतील तर प्रश्न निराळा होतो. आमचा स्पष्ट सल्ला असा कीं, इतक्या लोकांनीं गाई सामाईक करूं नयेत. दहा धन्यांची गाय उपाशी राहते. गाई ज्याच्या त्याच्या गोठ्यांत राहाव्यात. एकत्र करावयाचें तें पेंडीची खरेदी, दुधाचें संकलन, तें थंड करण्याची सोय व विक्री.

यासाठीं दोन रूपें आहेत. पहिलें सहकारी संस्थेचें. आपल्या देशांत सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला. १९४६ सालीं आणंद येथें दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला, आणि १९६३ सालीं कोल्हापूर जिल्ह्यानें आपला दूध संघ स्थापिला. दुधाच्या धंद्यास सहकार मानवतो हें अशा संघांनीं दाखविलें आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणें निरनिराळ्या कुटुंबांतील निदान दहा माणसें संस्था नोंदवूं शकतात. भाग कितीही असोत, मत एकच. देखरेख निबंधकाची, कारभार बिघडल्यास समिति बाजूस सारण्याचा अधिकारही त्यास आहे.

दुसरें रूप उत्पादक कंपनीचें. डॉ. योगेंद्र अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनंतर तें २००३ सालीं कंपनी कायद्यांत अमलांत आलें, आणि २०२० च्या दुरुस्तीनें २०१३ च्या कंपनी कायद्यांत त्याचें स्वतंत्र प्रकरण झालें. दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढूं शकतात. संचालक निदान पांच व सामान्यतः कमाल पंधरा. सभासद व्यक्तीच असतील तर येथेंही माणशीं एक मत. भाग बाहेरच्या सावकारास किंवा व्यापाऱ्यास विकतां येत नाहींत. सभासद मेल्यास ते त्यानें नेमलेल्या माणसाकडे जातात, आणि तो उत्पादक नसेल तर कंपनीस परत करावे लागतात. म्हणजे कंपनी उत्पादकांचीच राहते. सरकारी देखरेख सहकारी संस्थेहून कमी. परंतु कंपनीचे सर्व कागद व हिशेब-तपासणी मानेवर बसतेच. लिहितां-वाचतां येणारा पगारी व्यवस्थापक ठेवण्याइतकी दुधाची उलाढाल नसेल तर हें रूप घेऊं नये.

कराविषयीं दोन शब्द

एकटा धनी व एकत्र कुटुंब यांस कराचे चढते टप्पे लागू आहेत. फर्म व मर्यादित दायित्व भागीदारी यांच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून शेकडा ३० व उपकर आहे. पण भागीदाराच्या हातीं आलेल्या नफ्याच्या वांट्यावर पुन्हां कर नाहीं, आणि राबणाऱ्या भागीदाराचा पगार करारपत्रांत लिहिलेला असेल तर तो ठराविक मर्यादेपर्यंत फर्मेच्या खर्चीं पडतो. वर सांगितलेलें दुसरें कलम येथें दुसऱ्यांदा उपयोगीं पडलें. कंपनीनें कर भरून लाभांश वांटला तर भागधारकास त्यावर पुन्हां कर द्यावा लागूं शकतो. हें सर्व खरें. तथापि केवळ कर वाचविण्यासाठीं रूप निवडणें म्हणजे कासरा सोडून शेपटी धरणें होय. कर नफ्यावर असतो. जमीन जाते ती कर्जापायीं.

निवड कशी करावी

सारांश असा. धंदा लहान व एका घराचा असेल तर एकट्याच्या नांवें करावा आणि वारसदाराची नोंद करावी. दोघे-तिघे असून कर्ज थोडें असेल तर नोंदलेली भागीदारी पुरे. कर्ज व उधारी मोठी असेल, भागीदारांच्या ऐपतींत फार अंतर असेल, किंवा पुढें नवे भागीदार घ्यावयाचे असतील तर मर्यादित दायित्व भागीदारीचा विचार करावा, आणि तिच्या कागदपत्रांचा खर्च आधींच धरावा. खासगी कंपनी त्याहून मोठ्या धंद्यास. दहा घरें असतील तर गाई घरोघरीं ठेवून सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी. आणि कोणतेंही रूप घेतलें तरी जमीन धंद्यांत घालूं नये.

आपल्या तिघांस आम्ही मर्यादित दायित्व भागीदारी सुचवूं. कारण १८ लाखांचें कर्ज व ऐपतींतील अंतर हीं दोन्हीं कारणें तेथें आहेत. परंतु तत्पूर्वीं तिघांनीं एका संध्याकाळीं बायकामुलांसह बसून तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावींत : कर्ज थकलें तर कोण किती देईल ? एकानें सोडलें तर त्यास काय मिळेल ? एक जण गेला तर त्याच्या बायकोस व मुलांस काय मिळेल ? हीं उत्तरें तिघांचीं जुळलीं तर वकिलाचें काम निम्में झालें असें समजावें. तीं जुळलीं नाहींत तर एकही गाय विकत न घेतां तंटा कळला, हा फायदाच म्हणावयाचा.

कित्येकांस वाटतें कीं, भावाभावांत कागद करणें म्हणजे अविश्वास दाखविणें. आम्हांस तसें वाटत नाहीं. बांधाला दगड रोवतो तो शेजाऱ्याशीं वैर आहे म्हणून नव्हे. नातवंडांनीं बांधावरून भांडूं नये म्हणून. गोठ्याच्या कागदाचेंही तसेंच आहे. आज एकमेकांवर विश्वास आहे तोंवरच तो लिहून होतो. विश्वास उडाल्यावर जो कागद लिहिला जातो त्यास दाव्याची फिर्याद म्हणतात.